तळ्यातली सात बदकं

सोमवार, ४ मार्च

मला लिहिता येत नाही, वाचताही येत नाही. म्हणजे वही माझी, बोलणं माझं आणि पेन सूनबाईचं. सूनबाईने पस्तीस वर्षं कचेरीत लोकांचे जबाब लिहून घेतले. "सांगाल तसं लिहीन आई, एक शब्द इकडचा तिकडे करणार नाही," म्हणते. मी म्हटलं, मग हेही लिही, की आज भाजीत मीठ विसरलीस. लिहिलं बिचारीने. (मीठ होतं. – लिहिणारी.) पण एक बघून ठेवलंय मी. मी दोन शब्द बोलते आणि हिचं पेन चार शब्द चालतं. विचारलं तर म्हणते, कचेरीची सवय.

वही आणली नातीने. तिला आम्ही भिंगरी म्हणतो. लहानपणी एका जागी बसायची नाही. आता बत्तीस वर्षांची झाली आणि दिवसभर एका जागी बसते. नकाशा कार्यालयातली नोकरी होती, सात वर्षं लोकांच्या कुंपणांच्या रेघा ओढल्या. आता रजा काढून विमानाचे देखावे करते. म्हणजे काय, ते मलाही चार दिवसांनी कळलं. एक खुर्ची असते, पुढे दांडा, समोर तीन मोठे पडदे. दांडा ओढला की पडद्यावरची जमीन खाली जाते, ढग येतात, पोटात कालवतं, आणि आपण मात्र असतो तिथेच. मी म्हटलं, हे तर संसारासारखंच आहे.

"हा खेळ नाही आजी, सिम्युलेटर आहे," भिंगरी म्हणाली. असेल. तर त्या पडद्यावरची जमीन, डोंगर, झाडं, घरं हे सगळं कुणीतरी करावं लागतं, ते ही करते. विमानांचं एक संग्रहालय आहे. त्यांना आमच्या दरीतलं विमानाचं मैदान हवंय, पन्नास वर्षांपूर्वी होतं तसं. आता तिथे मोठमोठी गोदामं आहेत. देखावा पसंत पडला तर संग्रहालय हिला कायमची ठेवून घेणार. नाही पडला तर एप्रिल संपताच रजा संपली, पुन्हा कुंपणं. पसंत कुणी करायचा? एका म्हाताऱ्या कप्तानाने. त्याने त्या मैदानावर हजारदा विमान उतरवलंय म्हणे.

आणि ते मैदान जमिनीवरून पाहिलेलं, आठवणारं जिवंत माणूस आमच्या ओळखीत एकच. मी. अकरा वर्षं धावपट्टीच्या टोकाला राहिले. मुलगा पहिलीत असतानाच तिथून निघालो, त्याला काहीच आठवत नाही. आमचे हे तिथे काठीवरची कापडी पिशवी सांभाळायचे, वारा कुठून येतो ते दाखवणारी. म्हणून भिंगरी म्हणाली, "आजी, आठवेल ते आठवेल त्या दिवशी लिहून ठेव."

आठवायला काय, सगळंच आठवतं. हेच तर अवघड आहे.

गुरुवार, ७ मार्च

आज पहिल्यांदा देखावा पाहिला. दरी आहे, पण मेकअप करून बसल्यासारखी. गवत सगळं ताठ उभं, शाळेतल्या प्रार्थनेला उभं राहावं तसं. मी म्हटलं, "तिथे गवत कधी उभं राहायचं नाही. वारा खिंडीतून यायचा, तो गवताला वर्षभर एका कुशीवर निजवून ठेवायचा."

भिंगरीने लगेच काहीतरी दाबलं आणि सगळं गवत आडवं झालं. मी चाळीस वर्षं मुलाला दात घासायला सांगितलं, त्याने ऐकलं नाही. गवत एका बोटात ऐकतं.

मग गाव. घरं छान होती, पण तिसऱ्या घराशी मी थांबले. "ही कोपऱ्यातली फुटकी काच ज्याची, तो माणूस फारच श्रीमंत दिसतो."

"का गं?"

"ही बघ काच. हे दुसरं घर, तीच काच. हेही. चाळीस घरांत एकच माणूस राहतो का?"

भिंगरीने कपाळाला हात लावला. वेळ वाचावा म्हणून एकच घर करून चाळीसदा चिकटवलं होतं. वरून बघणाऱ्याला कळत नाही म्हणे. मी म्हटलं, मी वरून कधी बघितलंच नाही, मला खालूनच कळतं. ती हसली आणि म्हणाली, "म्हणूनच तू हवीस."

दोन दिवस ती घरं बदलत बसणार. सूनबाई स्वयंपाकघरातून म्हणाली, "खोट्या घरांना खिडक्या बसवायला वेळ आहे, खऱ्या नोकरीचं पत्र आलंय त्याला उत्तर द्यायला नाही." भिंगरी खिडक्याच बसवत राहिली. मी मध्ये पडले नाही. मायलेकींच्या मध्ये बोलणारा माणूस जात्यातल्या दाण्यासारखा असतो.

(हे वाक्य जसंच्या तसं लिहिलं आहे.)

शुक्रवार, ८ मार्च

भिंगरीला जुना फोटो मिळाला, विमानातून काढलेला, काळापांढरा, पुसट. धावपट्टी दिसते, टोकाला आमची खोली दिसते, काडेपेटीएवढी. आणि खोलीच्या शेजारी मोठा काळा डाग.

"आजी, हे काय आहे?"

मी चष्मा पुसला. परत पुसला. म्हटलं, "तळं."

"तुमच्या दाराशी तळं होतं? कधी बोलली नाहीस!"

"विचारलं कुणी?"

"काय काय होतं तळ्यात?"

"पाणी," मी म्हटलं. मग वाटलं, तळ्याच्या मानाने फारच थोडं झालं. "आणि बदकं. पाच."

आज एवढंच. डोकं दुखतंय.

बुधवार, १३ मार्च

तळं झालं. इतकं सुंदर झालं की मला क्षणभर वाटलं, होतंच. आत आभाळाचं प्रतिबिंब, कडेला लव्हाळी, पाण्यावर चकचकीत ऊन. भिंगरीने बदकं केली, तीही पोहणारी. सात बदकं एका ओळीत जातात, वळतात, परत येतात. (मागच्या खेपेला पाच होती.)

मी म्हटलं, आमच्या खोलीला पांढरा रंग दे. दारात दोन फुलझाडं. वाटेवर बारीक खडी. तिने सगळं दिलं. "तू तिथे काय काम करायचीस गं आजी? आजोबा पिशवी सांभाळायचे, आणि तू?"

"मैदानावरच. इकडेतिकडे."

संध्याकाळी मुलगा कामावरून आला तर त्याला ओढत नेऊन पडदा दाखवला. म्हणाला, "आई, एवढं छान होतं तर आपण सोडून कशाला आलो?" मुलं मोठी झाली की असे प्रश्न विचारतात. लहानपणीच बरी होती, नुसती रडायची.

मंगळवार, १९ मार्च

सांगण्यासारखी गोष्ट. मी भिंगरीला म्हटलं, आमच्याकडे घड्याळ नव्हतं, पश्चिमेच्या डोंगराची सावली खोलीच्या उंबऱ्याला लागली की शाळा सुटायची वेळ. तिने पडद्यावरचा सूर्य हळूहळू खाली नेला. सावली डोंगरावरून उतरली, धावपट्टी ओलांडली, गवतावरून सरकत आली आणि उंबऱ्याला लागली.

"किती वाजले?" मी विचारलं.

"चार वाजून दहा."

शाळा सव्वाचारला सुटायची. तिने सूर्याला विचारलं नाही, मला विचारलं नाही, नुसतं गणित मांडलं आणि माझा मुलगा दप्तर घेऊन शाळेतून धावत सुटण्याच्या पाच मिनिटं आधी सावली बरोबर उंबऱ्यात. 

ही पोरगी हे काम सोडून कुंपणं काढायला गेली तर ते पाप होईल. हे मी सूनबाईला मुद्दाम सांगून लिहायला लावलं. तिने लिहिलं. पेन जरा जोरात चाललं, पण लिहिलं.

सोमवार, २५ मार्च

आज कप्तानाची पहिली फेरी. आम्ही तिघी गेलो. सूनबाई म्हणाली, मी फक्त आईंना सांभाळायला येतेय.

संग्रहालयाच्या बाई चटपटीत, हातात कागदांची पाटी. कप्तान चौऱ्याऐंशीचा, पण पाठ सरळ. मला बघून उठून उभा राहिला. "तुम्ही तिथे राहायचात? आम्ही नुसते वरून जायचो. तुम्ही खऱ्या."

खुर्चीत बसला तर एकदम पन्नास वर्षं अंगावरून उतरली त्याच्या. खिंडीतून विमान आत आणलं आणि ओरडला, "अरे! गवत बघा, गवत! एका कुशीवर!" भिंगरीने माझा हात दाबला. मी म्हटलं, चला, झालं.

नाही झालं. तो खाली येत गेला. तळ्याच्या जरा आधी त्याने हाताने इंजिन कमी केलं. का केलं, कुणास ठाऊक. विमान तळ्यावरून गेलं आणि अंगाखालची सतरंजी ओढावी तसं बसलं. धावपट्टीच्या अलीकडे कुंपणात. पडदा लाल झाला.

पुन्हा केलं. पुन्हा कुंपण. तिसऱ्यांदा तो तळ्याकडे बघत राहिला. "इथे मला काहीतरी काळं आठवत होतं," म्हणाला, "पण पाणीच असेल. संध्याकाळी पाणी काळं दिसतं. बाई तिथे राहिल्यात, त्यांना ठाऊक." आणि तिसऱ्यांदाही कुंपण.

दांड्यावरचा हात काढून त्याने मांडीवर ठेवला आणि त्याच्याकडे बघत म्हणाला, "देखाव्याचा दोष नाही. माझा हात गेला."

संग्रहालयाच्या बाई कागदावर काहीतरी लिहीत होत्या. भिंगरीला म्हणाल्या, "पुढच्या आठवड्याच्या शुक्रवारी आणखी एक संधी. ज्यांनी हजारदा विमान उतरवलं त्यांनाच उतरता येत नसेल, तर मी हे लोकांपुढे ठेवू शकत नाही."

घरी येताना भिंगरी बोटांवर आकडे मांडत होती. 

बुधवार, २७ मार्च

भिंगरी सगळं तपासतेय. धावपट्टीची लांबी बरोबर. उतार बरोबर. वाऱ्याचा जोर बरोबर. विमानाचं वजन बरोबर. मी विचारलं, "तळ्यावर ते बसतं का असं?"

"पाणी गार असतं ना आजी. गार जागेवर हवा खाली बसते, तापलेल्या जागेवर वर येते. यंत्र ते आपोआप करतं. तळं आहे म्हटल्यावर विमान बसणारच. बरोबरच आहे ते."

"मग त्याने इंजिन कमी का केलं?"

"तेच कळत नाही. त्याचा हात तिथे काहीतरी होण्याची वाट बघतो आणि ते होत नाही. म्हातारे आहेत गं."

टेबलावर नकाशा कार्यालयाचा रुजू होण्याचा अर्ज होता. अर्धा भरलेला. मला वाचता येत नाही, पण अर्धा भरलेला कागद कुणालाही कळतो.

सूनबाईने तो पाहिला. मला वाटलं खूश होईल. तिने कागद उचलला, फळीवर डब्यांच्या मागे ठेवला आणि भाजी निवडायला बसली.

गुरुवार, २८ मार्च

दुपारी. घरी दोघीच.

सूनबाई, आता जे सांगते ते थांबवू नकोस. लिही.

तळं नव्हतं. दाराशी राखेचा ढीग होता. दरीच्या तोंडाशी चुन्याची भट्टी होती, तिची राख आणि जळके खडे गाड्या भरून आणून धावपट्टीच्या टोकाशी ओतायचे, आमच्या खोलीला लागून. बारा महिने. वाळत घातलेल्या कपड्यांवर राख, पाण्यावर राख, मुलाच्या केसांत राख. खोलीला रंग नव्हता. असला तरी काळाच दिसला असता.

आणि मी मैदानावर कामाला नव्हते. त्या ढिगावर होते. अर्धे जळलेले कोळसे वेचायचे, राख चाळायची, टोपली भरली की विकायची. आम्ही आठनऊ बायका होतो. आठ वर्षं केलं. नखांतला काळा रंग दुसऱ्या गावी आल्यावरही वर्षभर गेला नाही. तेव्हा शेजारणींना सांगायचे, भांडी घासते ना.

तुमचं लग्न ठरलं तेव्हा तुझ्या वडिलांनी विचारलं होतं, घराणं कसं. आमचे हे म्हणाले, विमानाच्या खात्यात. खोटं नव्हतं. मी गप्प बसले. तेही खोटं नव्हतं.

पाहुणे यायचे म्हटलं की बाई घर आवरते. इथे तर म्हणे सगळं जग येणार, पडद्यावर बघणार. मी दरी आवरली. ढिगाच्या जागी तळं ठेवलं, वर बदकं सोडली. कुणाला त्रास? मला वाटलं, कुणालाच नाही. आणि तिकडे तो कप्तान स्वतःच्या हाताकडे बघतोय.

इथे सूनबाई लिहायची थांबली. म्हणाली, चष्मा धुरकटला. (धुरकटला नव्हता.)

शुक्रवार, २९ मार्च

सांगितलं. भिंगरीला समोर बसवलं आणि एका दमात सांगितलं, तोंडातला कडू घोट गिळून टाकावा तसं.

 मला वाटलं, रडेल. मग वाटलं, मला जवळ घेईल. कसचं काय!

"आजी! मी त्या बदकांना वळायला शिकवण्यात चार दिवस घालवले!"

"छान वळायची पण."

"त्यांच्या शेपट्या हलतात! एकेक शेपूट वेगळी हलते!"

"बघितलं ना. कौतुक वाटलं."

"तू मला एका शब्दाने..." तिथे ती थांबली. माझ्या हातांकडे बघितलं. मी पदराखाली घेतले, का ते माहीत नाही, आता तर स्वच्छ आहेत. मग तिचा आवाज एकदम बदलला, दातांचा डॉक्टर काम सुरू करतो तसा. "ढीग किती उंच होता?"

"चढताना तीनदा दम घ्यावा लागायचा."

"भरलेल्या टोपलीने की रिकाम्या?"

"रिकाम्या. भरलेली घेऊन खाली उतरतात, वर चढत नाहीत. शिकलेली माणसं."

तिने मला घराचे जिने चढायला लावले. मी तीनदा दम घेतला. तिने पायऱ्या मोजल्या, मग आकडेमोड करून माझ्या वयाचं वजा केलं. मी म्हटलं, तेव्हा कडेवर मूलही असायचं, तेही धर. तेही धरलं तिने.

सूनबाई दारात उभी राहून सगळं बघत होती. म्हणाली, "आधी चहा घ्या दोघी. मग डोंगर चढा."

मंगळवार, २ एप्रिल

ढीग झाला. कुरूप, काळा, अगदी तसा. 

भिंगरीने वर बायका बसवल्या. मी म्हटलं, या काय संमेलनाला बसल्यात? एक इकडे तोंड करून, एक तिकडे. राख चाळताना वाऱ्याकडे पाठ करायची, नाहीतर डोळे जातील. वारा फिरला की सगळ्या फिरायच्या. डोक्याला फडकं, तोंडावरही, नुसते डोळे दिसायचे. भिंगरीने वाऱ्याला आणि बायकांना एकमेकांशी बांधलं. आता वारा बदलला की आठही जणी उठतात, वळतात, बसतात.

"नऊ होत्या म्हणालीस ना? नववी कुठे बसवू?"

मी जागा दाखवली. खोलीच्या बाजूला, जरा वर. तिथून दार दिसायचं, मूल बाहेर आलं तर कळायचं.

बदकं काढून टाकली. टाकताना भिंगरीने पडदा माझ्याकडून वळवला. तिला वाटलं, मला वाईट वाटेल. मला काय! तिलाच वाटत होतं.

शुक्रवार, ५ एप्रिल

आज मुलगाही आला, कामाला दांडी मारून. सूनबाईने या वेळी कुणाला सांभाळायला येतेय ते सांगितलं नाही.

कप्तान खुर्चीत बसायला तयार नव्हता. "पोरी, तुझं काम चांगलं आहे. माझ्यामुळे नापास होईल. दुसऱ्या कुणाला बसव."

मी पुढे झाले. म्हटलं, "कप्तानसाहेब, तुमचा हात ठीक आहे. माझी जीभ घसरली होती." आणि सांगितलं. संग्रहालयाच्या बाई, त्यांचे मदतनीस, झाडूवाला, सगळे ऐकत होते. एकदा सांगून झालेली गोष्ट दुसऱ्यांदा हलकी असते.

 तो जाऊन खुर्चीत बसला.

खिंड आली. गवत आलं. आणि पुढे तो काळा ढीग, त्यावर नऊ ठिपके. पिशवी अजून दिसतही नव्हती आणि कप्तान म्हणाला, "वारा डावीकडून आहे."

संग्रहालयाच्या बाईंनी पाटीवर बघितलं. वारा त्यांनी मुद्दाम बदलून ठेवला होता, कुणाला न सांगता. "तुम्हाला कसं कळलं?"

"बायका बसल्यात ना पाठ करून."

ढिगाच्या आधी त्याने इंजिन कमी केलं.  विमान ढिगावर आलं आणि कुणीतरी तळहातावर घेऊन उचलावं तसं उचललं गेलं, काळ्या जमिनीच्या तापल्या हवेने. कुंपण खालून गेलं. चाकं टेकली. कळलंसुद्धा नाही, इतकी हळू.

"हेच ते," कप्तान म्हणाला. मग पुन्हा, स्वतःशीच, "हेच ते."

संग्रहालयाच्या बाईंनी त्याच पाटीवर भिंगरीची सही घेतली. पुढचं मैदान समुद्राकाठचं आहे म्हणाल्या, एक तारखेपासून या. भिंगरीने सही केली आणि आईकडे बघितलं. सूनबाई म्हणाली, "तारीख घातलीस का सहीखाली? तारखेशिवाय सही म्हणजे नुसतं चित्र." एवढंच म्हणाली. पण माझी पिशवी, पाण्याची बाटली आणि पर्स, तिन्ही खुर्चीवर विसरून निघाली.

जाताना कप्तान माझ्याजवळ आला. "काठीवरची ती पिशवी निम्म्या वेळा अडकलेली असायची," म्हणाला. "आम्ही तिच्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. नवा पायलट आला की त्याला सांगायचो, ढिगावरच्या बायका बघ. त्या कधी चुकत नाहीत."

"डोळ्यांत राख जाऊ नये म्हणून बसायचो तशा. तुमच्यासाठी नाही."

"ते माहीत आहे. पण आम्ही वरून हात करायचो. तुम्ही कधी केला नाहीत."

"दोन्ही हातांत चाळण असायची. कसा करणार?"

म्हणजे वारा दाखवायचा पगार आमचे हे घ्यायचे, आणि दाखवायचे आम्ही. असते तर आज विचारलं असतं. हसले असते. पिशवीची गाठ त्यांना कधी नीट मारता आली नाही.

गाडीत मी मुलाला म्हटलं, खिडकी उघड, फार उकडतंय. (गाडीत गार हवा चालू होती. उघडली.)

रविवार, १२ मे

भिंगरीच्या कामाला लागले आहे. म्हणजे पगारी नाही, पण गाडीत पुढची जागा माझी.

समुद्राकाठच्या मैदानावर वीस वर्षं आचारी होता तो माणूस सापडला. लेकीकडे राहतो, गच्चीत बसवलं होतं त्याला, मांडीवर शाल. भिंगरी विचारत होती आणि तो सांगत होता. खानावळीच्या मागे गुलाबांची रांग होती. लाल गुलाब. कुंपणाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत.

भिंगरी लिहून घेत होती.  मी विचारलं, "कुठल्या महिन्यात फुलायचे हो?"

"बारा महिने."

"खाऱ्या वाऱ्यात?"

तो शालीच्या दशा ओढायला लागला. मी त्याला माझी बदकं सांगितली. किती होती, कशी वळायची, शेपट्या कशा वेगवेगळ्या हलायच्या. आधी तो नुसता ऐकत होता. मग खांदे हलायला लागले. मग इतका हसला की लेक पाणी घेऊन धावत आली.

"संडास," तो डोळे पुसत म्हणाला. "सहा. रांगेने. पत्र्याचे."

"काका, ते वरून दिसायचे?" भिंगरीने विचारलं.

"दिसायचे? अगं पोरी, धुकं असलं की पायलट वासावर उतरायचे!"

भिंगरीने गुलाब खोडले आणि विचारलं, पत्र्याला गंज कुठल्या बाजूने जास्त चढला होता.